समस्त चिनी समाज

आमच्या गावात निवडणुकीला उभं राहायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: समाजाची मतं किती? शिक्षण, काम, स्वभाव या गोष्टी नंतर, तेही वेळ उरला तर. मी पस्तीस वर्षं इथल्या हायस्कुलात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. पुस्तकात हा प्रश्न नव्हता म्हणून मी तो शिकवला नाही. त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांचं काहीच अडलं नाही. तो त्यांना घरूनच येत होता.

दिवाळीच्या आधी एका दुपारी माझी एक जुनी विद्यार्थिनी ओट्यावर येऊन बसली. गाव तिला डॉक्टरताई म्हणतं. ती दातांची डॉक्टर आहे. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "सर, मी नगरपालिकेला उभी राहतेय. आपला प्रभाग सर्वसाधारण महिलांसाठी सुटलाय."

आणि माझ्याही तोंडून तेच निघालं. "तुझ्या समाजाची मतं किती?"

"दोन," ती म्हणाली. "एक माझं, एक आप्पांचं. त्यातलं आप्पांचं धरू नका."

हा हिशेब गावाबाहेरच्या माणसाला समजावून सांगावा लागेल. तिचे आजोबा चीनमधून आले. कलकत्त्याला उतरले आणि रेल्वे जिकडे नेईल तिकडे दात काढत काढत तापीच्या खोऱ्यात पोहोचले. सोबत पायाने चालवायचं यंत्र, चिमटे, आणि गिऱ्हाइकाला दाखवायला एक मोठा लाल जबडा. आमच्या गावच्या आठवडे बाजारात त्यांचा पाल पडायचा. पुढे त्यांनी मेन रोडला खोली घेतली आणि कवळ्या करायला लागले. त्यांची कवळी एकदा बसली की माणसाबरोबरच जायची. आमच्या गावातल्या पुढाऱ्यांच्या दोन पिढ्यांची भाषणं त्यांच्या हातच्या दातांतून बाहेर पडली. भाषणांचा दर्जा ही त्यांची जबाबदारी नव्हती.

त्यांचा मुलगा म्हणजे आप्पा, डॉक्टरताईचे वडील. जन्म इथला, शाळा इथली, भाषा अहिराणी. चिनी भाषेतलं त्यांना फक्त एक वाक्य येतं, आजोबा जेवायला हाक मारायचे ते. आप्पांच्या बायकोचं माहेर नवापूरकडचं. त्या चिंचपाड्याच्या दवाखान्यात नर्स होत्या. त्या गेल्याला बरीच वर्षं झाली. उरले बाप-लेक. जिल्ह्यातला चिनी समाज तो एवढाच.

आप्पांच्या दुकानावर पाटी आहे, 'दातांचा दवाखाना'. तिच्यावर नाव नाही. विजेचं बिल, गॅस, दुकानाची भाडेपावती, सगळं आधी बायकोच्या नावावर होतं आणि आता मुलीच्या. मला पूर्वी वाटायचं, माणूस साधा आहे, नावाचा सोस नाही. ज्या गावात सुलभ शौचालयाच्या भिंतीवरसुद्धा उद्घाटकाचं नाव संगमरवरात असतं, तिथे मला आप्पांची पाटी फार आवडायची. तिचं खरं कारण मला या निवडणुकीत कळलं.

डॉक्टरताईला उभं राहायचं होतं ते बाजाराच्या दिवसासाठी. मंगळवारी सातपुड्यातून बायका खाली उतरतात. पहाटे निघतात, संध्याकाळच्या जीपने परततात. दिवसभर पाण्याचा घोट घेत नाहीत, कारण अख्ख्या बाजारात बायकांना जायला जागा नाही. दात दाखवायला आलेल्या बाईला ती चूळ भरायला पाणी द्यायची, तर बाई आधी विचारायची, गिळलं नाही तर चालेल ना? बायकांच्या शौचालयासाठी डॉक्टरताई चार वर्षं अर्ज करत होती. अर्जाला आवक क्रमांक मिळायचा. आमच्याकडे तेवढ्यावर पुष्कळ लोक समाधानी असतात.

मी तिला हुरूप यावा म्हणून वाचलेलं सांगायला लागलो. चीनमधून बाहेर पडलेल्यांची मुलं-नातवंडं कुठे कुठे पोहोचली त्याची यादीच माझ्याकडे होती. मलेशियात मंत्री झाले. थायलंडात पंतप्रधान झाले. कॅनडात थेट राणीच्या प्रतिनिधीच्या खुर्चीवर हाँगकाँगहून लहानपणी आलेली बाई बसली. दक्षिण अमेरिकेत गयाना नावाचा देश आहे, आपल्याकडचे हजारो लोक ऊस तोडायला तिकडे नेले होते, त्या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष चिनी वंशाचा. "पद शोभेचं होतं," मी प्रामाणिकपणे सांगितलं, "पण शोभेला तरी ठेवला ना."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, तिथं तिकीट कोण देतं?"

आमच्या प्रभागात तिकीट देणारा कोण हे मला माहीत होतं. तोही माझाच विद्यार्थी. नागरिकशास्त्रात त्याला काठावर पास केलं तेव्हा मला पुढचं दिसलं नव्हतं. आता सगळे त्याला अण्णा म्हणतात, त्याच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. ती म्हणाली, सोबत चला. मी गेलो.

अण्णाच्या संपर्क कार्यालयात संपर्क होण्यासाठी दीड तास बसावं लागतं. भिंतीवर त्याचे स्वतःचे अकरा फोटो होते. दुसरं करायला काही नव्हतं म्हणून मी मोजले. आत गेल्यावर त्याने माझ्या पायांच्या दिशेने हात केला, म्हणजे नमस्कार झाला, आणि तिला विचारलं, "बोला ताई. समाज किती शे तुम्हना?"

"दोन माणसं, अण्णा."

"जिल्ह्याम्हा?"

"जिल्ह्यातच सांगतेय."

अण्णा विचारात पडला. दोन माणसांचा समाज त्याने ऐकला नव्हता. "आईकडला?"

"ते नवापूरला. तिथली मतं इथं कशी चालतील?"

"बरं. पन समाजनं पत्र लागी. लेटरहेडवर. अध्यक्षनी सही, सचिवनी सही. वर दाखाडनं पडस."

"अध्यक्ष मी होईन," ती म्हणाली. "सचिव कोणाला करू? आप्पा सही करत नाहीत."

अण्णाला हसू आलं नाही. त्याचा प्रश्न खरा होता. नंतर कळलं, वरून त्याला निरोप होता की यादीत अल्पसंख्याकांचा एखादा चेहरा असू द्या. त्यामुळे आमची गाठ एका अडलेल्या माणसाशी होती. "मी दखस," तो म्हणाला. "माहोल तयार करना पडी."

माहोल तिसऱ्या दिवशी सकाळी तयार झाला. मी दूध घ्यायला चौकात गेलो आणि तिथेच उभा राहिलो. दहा फूट उंच बॅनर. वर लिहिलेलं, 'समस्त चिनी समाज, नंदुरबार जिल्हा यांच्या वतीने'. खाली डॉक्टरताईचा फोटो आणि 'भावी नगरसेविका'. एका बाजूला अण्णा, हात जोडून. दुसऱ्या बाजूला तेवढ्याच आकाराचे आप्पा, फेटा बांधलेले. कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून त्यांना कापून आणलं होतं. फोटोखाली 'समाजाचे ज्येष्ठ मार्गदर्शक'. मागे चीनची भिंत. भिंतीवर लाल ड्रॅगन. आणि सगळ्यात वर, मधोमध, गोल चौकटीत, पांढऱ्या दाढीचा एक चिनी म्हातारा.

मी तसाच फ्लेक्सवाल्याकडे गेलो. तोही ओळखीतला. पाटावर नवा बॅनर पसरून कडेला भोकं पाडत होता.

"हे कोणी करायला सांगितलं?"

"अण्णाना मानूस उन्हा व्हता, सर. रातले मेसेज, सकायले बोर्ड." त्याच्या आवाजात कामाचा अभिमान होता.

"आणि वरचा तो म्हातारा कोण?"

"महापुरुष."

"कोणता महापुरुष?"

"सर, वर कोनीतरी लागसच. परतेक समाजना राहतस. जागा रिकामी ठेवी तर लोक इचारतीन, यासना कोनीच नही का?"

"पण हा कोण आहे?"

"चिनी शे ना?"

"चिनी दिसतोय. पण कोण?"

त्याने भोकं पाडायचं थांबवलं आणि माझ्याकडे जरा दुखावल्यासारखं पाहिलं. "सर, इतिहास तुम्हना विषय."

त्याचं बरोबर होतं. पण मलाही ओळखता आला नाही. माझा अंदाज, तो चहाच्या एखाद्या डब्यावरून उतरून आला असावा.

हसू येण्यासारखं एवढंच. दुपारपर्यंत बॅनरचा फोटो गावातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला आणि त्याच्याखाली लोक लिहायला लागले. 'चीनचा उमेदवार.' 'सीमेवर जवान, इथे पालखी.' काही वाक्यं त्याहून वाईट होती. लिहिणाऱ्यांपैकी दोघांच्या तोंडात आप्पांच्या कवळ्या होत्या. संध्याकाळी अण्णाचा फोन बंद लागायला लागला आणि तिकीट दुसऱ्या बाईला गेल्याचं आम्हाला दुधवाल्याकडून कळलं. बॅनर मात्र कुणी काढला नाही. लावायला माणसं असतात, काढायला नसतात.

त्या दिवशी 'दातांचा दवाखाना' बंद राहिला. गेल्या तीस-चाळीस वर्षांत तो मंगळवारी कधी बंद नव्हता. मी मागच्या दाराने गेलो. आप्पा आतल्या खोलीत, दिवा न लावता, खुर्चीवर बसले होते. तीच पेशंटची खुर्ची, मागे कलणारी. डॉक्टरताई भिंतीला टेकून उभी होती.

"नाव काढ तू," आप्पा म्हणत होते.

"अजून नाव दिलेलंच नाही, आप्पा. काढू कशातून?"

"चौकम्हा शे ना. तेच नाव."

मग त्यांनी मला सांगितलं. मुलीला ते माहीत होतं, मला नव्हतं. बासष्टच्या युद्धात ते आठ वर्षांचे होते. दोन पोलीस घरी आले आणि आजोबांचं नाव एका वहीत लिहून घेऊन गेले. तेव्हापासून दर सोमवारी ठाण्यात हजेरी. परवानगीशिवाय गावाची हद्द ओलांडायची नाही. आजोबांना मराठी नीट यायची नाही म्हणून आप्पा सोबत जायचे आणि साहेबाचे प्रश्न बापाला सांगायचे. प्रश्न दर सोमवारी तेच: कुठे गेला होतास, कोण भेटायला आलं, पत्र कुणाचं आलं. पत्रं यायची ती आजोबांच्या थोरल्या भावाची, आसामातून. मग ती थांबली. त्या सगळ्या कुटुंबाला, लहान मुलांसकट, रेल्वेत बसवून राजस्थानातल्या छावणीत नेलं होतं, हे पुष्कळ नंतर कळलं. तिथून पुढे काय झालं ते कधीच कळलं नाही.

"ठाण्याम्हा आम्हले कोनी मारं नही," आप्पा म्हणाले. त्यांना कुणावर अन्याय करायचा नव्हता. "जमादार चांगला व्हता. बाबानी त्याले कवळी करी दिन्ही. पन तो बी नाव लिखेच. कवळी घाली घाली लिखे." मग म्हणाले, "बाबा सांगेत, नाव लिखेल कागद कोनले देवानं नही. आज तो कागद दहा फुटना शे, सर."

मी नागरिकशास्त्राचा मास्तर. नागरिकत्व कसं मिळतं हे मी पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं: जन्माने, वंशाने, नोंदणीने. माझ्या गावात, माझ्या शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे, एक माणूस तो फळा कधीच खरा न मानता जगत होता.

डॉक्टरताई बोलली. "आप्पा, मी अपक्ष उभी राहणार. तुम्ही नाही म्हणालात तरी. तुमच्याशी खोटं बोलून नाही राहणार, म्हणून आत्ता सांगतेय."

"येतीन ते," आप्पा म्हणाले.

"येऊ दे. मी घरीच असेन."

दुसऱ्या दिवशीही दुकान बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी एक बाई शटर बडवायला लागली. ब्राह्मणपुरीची म्हातारी, हातात रुमालाची पुरचुंडी. आप्पांनी आतून पाहिलं, उघडलं नाही. ती बडवतच राहिली. शेवटी त्यांनी शटर हातभर वर केलं.

"जित्ता शेतस का जिभाऊ तुम्ही!" म्हातारी वाकून खालून म्हणाली. "माले वाटनं, तुम्ही गयात. चौकम्हा फोटू दखा. म्हंटलं, श्रद्धांजलीना शे का काय. मंग जवळ जाई दखं तर निवडनूक." तिने पुरचुंडी उघडली. मधोमध तुटलेली कवळी. "दोन सालपाशी भिजाडेल भाकर खाई ऱ्हायनी."

आप्पांनी शटर पूर्ण वर केलं. तोंड उघडून बसलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. तिच्यामागून आणखी आले. कोरीटचा एक शेतकरी, त्याची सून, बाजारातले दोन-तीन. सगळ्यांनी बॅनर पाहिला होता. कुणी चीनबद्दल विचारलं नाही. बहुतेकांना वाटलं होतं की दवाखान्याची जाहिरात आहे.

डॉक्टरताईने तिकडे दुकान आप्पांवर सोपवलं आणि माझ्याकडे आली. अपक्षाच्या अर्जावर पाच सूचकांच्या सह्या लागतात, पाचही त्याच प्रभागातले मतदार. चौघं तिला मिळाले होते: शिंपी, गिरणीवाली मावशी, निवृत्त कंडक्टर आणि झेरॉक्सवाला. पाचवा मी.

मी म्हणालो, विचार करतो.

इथे माझी बाजू मांडली पाहिजे, फारशी चांगली नसली तरी. माझा पुतण्या नगरपालिकेत पाणीपुरवठ्याला कंत्राटावर आहे. अण्णाच्या एका शब्दाने ते कंत्राट जाऊ शकतं. शिवाय आयुष्यभर मी पुढाऱ्यांना हसत आलो, आणि हसणाऱ्याला एक सोय असते, त्याला कुठे सही करावी लागत नाही. मी मत देतो, घरी येतो, पेपर वाचतो, टोमणा मारतो. त्या सोयीची मला सवय झाली होती.

"किती दिवस विचार करणार, सर?" तिने विचारलं. "मूलभूत हक्क तुम्ही आम्हाला पस्तीस मिनिटांत शिकवले होते."

मी आत जाऊन पुतण्याला फोन लावला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, कंत्राट तसंही मार्चला संपतंय. करा सही." मी बाहेर आलो आणि सही केली. माझी सही तशी लांबलचक आहे, निकालपत्रकांवर करायची सवय. एवढी सावकाश मी ती कधी केली नव्हती.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस, दुपारी तीनची मुदत. आम्ही एक वाजता पालिकेत पोहोचलो. झेरॉक्सवाला यायचा होता, तो येईना. दीड वाजता त्याचा फोन आला. रडवेला झाला होता. "सर, मन्ही टपरीनी जागा नगरपालिकानी शे. सकायपाशी तीन मानसं यी ग्यात. माले माफ करा. ताईले सांगा, मत मन्ह तिलेच शे." मला त्याचा राग आला नाही. माझा पुतण्या जरा कच्चा असता तर मीही त्याच्यासारखाच बोललो असतो.

अर्ज ऑनलाइन भरलेला होता. सूचक बदलायचा म्हणजे माहिती नव्याने भरायची, नवी प्रत काढायची आणि पाचही सह्या पुन्हा. डॉक्टरताई फोनवर फोन लावत होती. मंगळवार होता. ओळखीचे सगळे बाजारात, निम्म्यांना फोन ऐकू येत नव्हता, उरलेल्या बायकांनी ऐकला आणि म्हणाल्या, यजमानांना विचारून सांगते. दोन वाजून वीस मिनिटं झाली.

तेव्हा आप्पा आत आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. हातात मतदान ओळखपत्र, प्लास्टिकच्या पिशवीत. त्यांना बोलावलं कुणी होतं मला माहीत नाही. तिने नाही, मी नाही. गिरणीवाल्या मावशीवर माझा संशय आहे. त्या तिथेच बाकावर बसून अजिबात इकडे पाहत नव्हत्या.

"तू नाव काढनार नही?" आप्पांनी मुलीला विचारलं.

"नही, आप्पा."

"मंग दे इकडे."

समोरच्या सेवा केंद्रावरून नवी प्रत निघून आली तेव्हा दोन पस्तीस. आम्ही चौघांनी भराभर सह्या केल्या. आप्पांनी चष्मा लावला आणि अर्ज वाचायला घेतला. पहिल्या ओळीपासून. ओठ हलवत. एक पान झालं, उलटलं, दुसरं. कंडक्टर घड्याळाकडे बघून खाकरला. मी बोलणार होतो, डॉक्टरताईने माझा दंड धरला. दोन बेचाळीस. आप्पांनी पुन्हा पहिलं पान काढलं आणि बोट फिरवत काहीतरी शोधायला लागले.

"काय शोधताय, आप्पा?"

"मन्हा देश कोठे लिखाना?"

"सूचकाला विचारत नाहीत, आप्पा. यादीतला क्रमांक घेतात, बस."

"इचारतसच नहीत?"

"नाही."

ते कागदाकडे बघत राहिले. आठव्या वर्षापासून त्या प्रश्नाची तयारी करून बसलेला माणूस, आणि कागदावर तो रकानाच नव्हता. मग त्यांनी सही केली. मराठीत, पूर्ण नाव, शाळेत शिकवतात तसं वेलांट्या-मात्रा नीट देऊन. दोन एक्कावन्नला अर्ज खिडकीत गेला.

बाहेर मी त्यांना विचारलं, "आप्पा, भीती नाही वाटली?"

"वाटनी ना," ते म्हणाले. "आते बी वाटस. पन सर, आठ दिन चौकम्हा उभा व्हतू, दहा फुटना. जे येवाना व्हतात ते सगळा दातसकरता उनात."

छाननी दुसऱ्या दिवशी होती. अपेक्षेप्रमाणे हरकत आली. तिकीट मिळालेल्या बाईंच्या वतीने काळ्या कोटातले वकील उभे राहिले आणि त्यांनी पुरावा म्हणून काय जोडलं असेल तर तो बॅनर. रंगीत फोटो, लॅमिनेट केलेला. वकिलांचं म्हणणं असं की उमेदवार स्वतःच जाहीरपणे समस्त चिनी समाजाच्या म्हणवतात, तेव्हा त्यांचं नागरिकत्व संशयास्पद आहे आणि अर्ज बाद व्हावा. अण्णाच्या माणसाने केलेला बॅनर, अण्णाच्याच उमेदवाराचा पुरावा. एवढी काटकसर मी पालिकेच्या कुठल्याही कामात पाहिली नव्हती.

निवडणूक अधिकारी मध्यमवयीन, बाहेरून बदलून आलेले, चार दिवसांची झोप राहिलेले. त्यांनी फोटो जवळ धरला, लांब धरला. "हे वर कोण आहेत?"

"त्यांचे राष्ट्रपुरुष, सर," वकील म्हणाले.

"कोण राष्ट्रपुरुष?"

वकिलांनी अण्णाच्या माणसाकडे पाहिलं. त्याने छताकडे पाहिलं.

आप्पा मागच्या खुर्चीवरून उठले. सूचक म्हणून त्यांना बसायला परवानगी होती, बोलायला नव्हती, पण त्यांना कुणी थांबवलं नाही. "साहेब, आम्हले बी ठाऊक नही. मी पहिलांदाव दखा." मग वकिलांकडे वळून, अगदी चौकशीच्या सुरात, "वकीलसाहेब, आम्हले काढानं व्हई तर कोठे धाडशात? मी सुरतना पलीकडे कधी गयू नही."

कुणीतरी हसलं. अधिकारी हसले नाहीत. "बसा, बाबा," ते म्हणाले, आणि तो शब्द त्यांनी चांगला उच्चारला. डॉक्टरताईने जन्माचा दाखला ठेवला. शाळा सोडल्याचा दाखला ठेवला, आमच्याच शाळेचा. अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजूला सारले, मतदारयादी उघडली, तिचं नाव शोधून त्यावर पेनचं टोक टेकवलं. "यादीत नाव आहे. वय बसतं. समाज हा काही अपात्रतेचा मुद्दा नाही, नाहीतर या गावात एकही अर्ज टिकणार नाही. हरकत फेटाळली. पुढचा."

सगळं मिळून सात मिनिटं. आप्पा लगेच उठले नाहीत. त्यांना बहुधा वाटलं, अजून काही विचारायचं राहिलं असेल. मुलीने हाताला धरलं तेव्हा उठले.

तिने पायऱ्या उतरतानाच पिशवीतून वही काढली. "सर, आता पाच माणसांनी भागणार नाही. प्रभागात साडेअकराशे घरं आहेत."

"आजपासून?"

"आत्तापासून. चार तास उजेड आहे."

त्याला आता बारा दिवस झाले. मी या ओळी लिहितोय त्या जेवणानंतर मिळणाऱ्या तासाभरात. मतदान पुढच्या आठवड्यात आहे. ती निवडून येईल का? मी पैज लावणार नाही. अण्णाचे लोक कोपरा सभेत अजूनही ड्रॅगनबद्दल बोलतात, आणि लोक अजूनही ऐकतात. ती मात्र दारात उभी राहून एकच विचारते, बाजाराच्या दिवशी तुमच्याकडची बाई कुठे जाते? पुरुष बाहेर आला तर तो खाली बघतो आणि बाईला हाक मारतो. बाई बाहेर आली की बोलणं लांबतं. काल एका घरी आम्हाला चाळीस मिनिटं लागली. एवढं सावकाश गेलो तर सगळी घरं होणार नाहीत, असं मी म्हणालो. ती म्हणाली, मग लवकर निघू.

माझे गुडघे दुखतात, आणि दारोदार हात जोडायची मला अजून लाज वाटते. हात जोडायचे कसे याचे अकरा नमुने मी एका भिंतीवर पाहिले आहेत, म्हणून असेल. मी नुसतं पत्रक देतो आणि माझं नाव सांगतो. आप्पा सकाळी दुकान उघडायच्या आधी एक गल्ली करतात. एकटेच जातात, कुणाला सोबत घेत नाहीत. दारात काय बोलतात माहीत नाही, पण परत येतात तेव्हा वहीत त्या घरांपुढे खुणा केलेल्या असतात.

उद्या खालची आळी. सातला निघायचं. डाव्या हाताची घरं तिच्याकडे, उजव्या हाताची माझ्याकडे.